आतून माप घेणारा माणूस

पहिल्यांदा आले ते थेट माझ्या कोठीत शिरले.

गव्हाची कोठी होती, पत्र्याची, माणसाच्या खांद्याइतकी उंच. एका गिऱ्हाइकासाठी करून दुकानाच्या दारात उभी ठेवली होती. मी आत कातर चालवत होतो. डोकं वर केलं तर दारात चपलांचा जोड, आणि माणूस नाही. मग कोठीतून आवाज आला, "उस्ताद, झाकण लावा जरा."

मी म्हटलं, "कौन है भाई?"

"मराठीत बोला, पाटीवरचं आडनाव वाचलंय मी. झाकण लावा आणि बाहेरून हातोडीचा एक ठोका मारा. कुठेही मारा, मला सांगू नका कुठे."

मी कोणाचं ऐकून काम करणारा माणूस नाही. पण मारला. रागानं मारला, चांगला सणसणीत. आतून कितीतरी वेळ काहीच नाही. मला वाटलं, झालं, आता पोलीस. मग शांत आवाज आला, "सगळीकडून आल्यासारखा आला. कुठून मारलात ते नाही कळलं. फार छान. उघडा."

बाहेर आला तो पन्नाशीचा, चष्मेवाला, ऑफिसात जायच्या कपड्यांतला माणूस. पँटला पत्र्याची धूळ. म्हणाले, "मी गोष्टी लिहितो. एक माणूस डब्यात बसून चंद्राच्या पलीकडे चाललाय आणि बाहेरून काहीतरी आपटतंय. त्याला दिशा कळेल की नाही कळणार, इथे सगळं अडलं होतं."

कोठी घेतली नाहीच. चपला घातल्या आणि गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत हजर.

माझं दुकान उज्जैनला, फ्रीगंजच्या मागच्या गल्लीत. कूलर, पेट्या, कोठ्या. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले, तोफांच्या गाड्यांना लोखंडी पट्ट्या मारायला. तेव्हापासून आमच्या घरात हातोडी आहे आणि हेका आहे. चौथीनंतर मी शाळा सोडली, शाळेनं मला सोडलं नाही. हे अशासाठी सांगतो की मी चटकन कोणाला मोठा म्हणत नाही. दुकानात नेते आले, महाराज आले, टीव्हीत दिसणारी माणसं कूलर घ्यायला आली. ठीक आहे, आली. पण या माणसाला मी मोठा म्हणतो, आणि का म्हणतो ते लिहून ठेवायला बसलोय. कोणी शुद्ध करायला मागितलं तर देणार नाही.

गल्लीत त्यांना मी 'लेखकराव' म्हणायला लागलो, टोमणा म्हणून. मग सगळी गल्ली म्हणायला लागली, आणि त्यातला टोमणा कधी गेला ते कळलं नाही. नोकरी सरकारी होती, कारकुनाची. वडील नोकरीनिमित्त नाशकाकडून आलेले, हे इथेच वाढले. त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. पण लिहायचे मराठीत. दिवाळी अंकांत गोष्टी यायच्या. उज्जैनमध्ये बसून पुण्या-मुंबईच्या अंकांसाठी ग्रहताऱ्यांच्या गोष्टी लिहिणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांची एक पद्धत होती. गोष्टीत एखादी वस्तू आली की आधी ती माझ्याकडून पत्र्यात करून घ्यायची. उडायची गाडी, झोपायची पेटी, समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या माणसाचं डोक्याचं टोपडं. चालायला नको, उडायला नको, फक्त त्यात बसता आलं पाहिजे. मग स्वतः बसायचे. तासन् तास. आतून प्रश्न यायचे. "उस्ताद, खाज आली तर हात कुठून घालायचा?" "उस्ताद, याला पोट सुटलं तर?" म्हणायचे, "जे पत्र्यात वाकत नाही ते गोष्टीत टिकत नाही." दुकानामागच्या मोकळ्या वाड्यात माझ्या भंगाराच्या शेजारी त्यांची विमानं साठत गेली. कोंबड्या अंडी द्यायच्या त्यांत.

आणि विचारणं. असं विचारणारा दुसरा माणूस नाही. रामघाटावर तासभर बसून यायचे आणि सांगायचे, "आज एका ग्रहावर जाऊन आलो." कारण काय, तर तिथले यात्रेकरू. एका दिवसासाठी उतरलेली माणसं, भाषा वेगळी, पाणी पिऊन बघतात, वस्तूंवर हात ठेवून बघतात, सगळ्यात आधी चप्पल कुठे ठेवायची विचारतात. "परक्या ग्रहावर उतरलेला माणूस आधी काय विचारेल?" ते मला म्हणाले. मी म्हटलं, हवा आहे की नाही ते विचारेल. "अहो, हवा नसेल तर विचारायला राहील का? तो चप्पल कुठे काढू विचारेल."

एकदा स्टेशनवरून येताना ऑटोवाल्याला विचारलं, "चाँद पर चलोगे?" मी बरोबर होतो, मला लाज वाटली. ऑटोवाला पान थुंकून म्हणाला, "चलेंगे बाबूजी। पर लौटते में सवारी नहीं मिलेगी, डबल लगेगा।" पुढच्या दिवाळीला त्यांची गोष्ट आली, तिच्यात चंद्रावर गेलेली पहिली वस्ती परत येऊ शकत नाही, कारण रिकामं यान पाठवायला पृथ्वीवरचं कोणीच तयार नाही. लोक म्हणे वाचून रडले. मी त्या ऑटोवाल्याला शोधून गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "फिर क्या गलत बोला मैंने?"

आणि मंगळाची गोष्ट. आमच्या गावात मंगळ हा काही परका नाही. मंगळनाथाला लोक त्याचं जन्मस्थान मानतात, मंगळ असलेल्या मुलामुलींना घेऊन देशभरातून येतात, भाताची पूजा करतात. लेखकरावांनी काय लिहिलं? मंगळावर माणसं राहायला गेली. पिढ्या उलटल्या. आता तिथल्या पोरींच्या पत्रिकेत दोष कोणता, तर पृथ्वी. पृथ्वी सातव्या घरात, लग्न जमत नाही. आणि तिथले भटजी पृथ्वीची शांत करतात, मातीचा गोळा करून त्यावर पाणी सोडतात, पाण्याचा थेंब मिळत नाही अशा ठिकाणी. हे त्यांनी मला हातोडीच्या आवाजात वाचून दाखवलं. मी ठोके थांबवले. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न मंगळापायी किती वर्षं अडलं होतं ते आठवलं. त्या रात्री गच्चीवर तो तांबडा ठिपका बघितला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, तिकडूनही कोणी आपल्याकडे घाबरून बघत असेल. चाळीस रुपयांच्या अंकातल्या चार पानांनी माझं आकाश उलटं केलं. असा माणूस.

पण पुस्तक नव्हतं. एवढं लिहून त्यांच्या नावाचं एक पुस्तक नव्हतं. अंक यायचे, वाचले जायचे, फराळाच्या डब्यांखाली जायचे, मग रद्दीत. प्रकाशक म्हणायचे, गोष्टी छान आहेत, पण असलं कोण विकत घेतं? त्यांना स्वतःला फार वाईट वाटताना मी पाहिलं नाही. वहिनींना वाटायचं.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. शाळेत शिवण शिकवायच्या. तोंडाच्या फटकळ, गुडघ्यांनी बेजार. संध्याकाळी नवऱ्याला शोधत दुकानात यायच्या आणि एखाद्या विमानावर बसून भाजी निवडायच्या. त्या म्हणायच्या, "भाऊजी, माझ्या माहेरी आजही विचारतात, जावई काय लिहितात? मी काय दाखवू? कपाटात उभं राहील असं एक तरी पाहिजे ना?"

लेखकराव रिटायर झाले आणि कादंबरी लिहायला बसले. एक यान. कुठेतरी फार लांब निघालेलं, पोहोचायला पिढ्या लागणार. शेकडो खोल्या, एका खोलीत एक कुटुंब, चार माणसं. तेव्हाच वहिनींनी जाहीर केलं, "ही मी पुस्तक होईल तेव्हाच वाचीन. तोवर एक ओळ सांगायची नाही. नाही झालं पुस्तक, तर नाही वाचणार." बोलल्या तसं पाळलं. त्या आल्या की वाचन बंद. म्हणून ही कादंबरी पहिल्यांदा ऐकली ती मी.

खोली अर्थातच माझ्याकडे आली. कागदावर आकृती काढून दिली. चार माणसं शेजारी शेजारी निजतील एवढी लांबी-रुंदी, भिंती दुहेरी, मधे हातभर जागा सोडून लाकडाचा भुसा भरायचा, कारण बाहेर थंडी. मी सगळं तसंच केलं. जन्मात एवढं मोठं काम केलं नव्हतं. लेखकराव आत गेले आणि ओरडले, "उस्ताद, हे काय! यात दोनच माणसं मावतात!"

मी म्हटलं, "माप बरोबर आहे. मोजा."

त्यांनी आतून मोजलं. मी बाहेरून मोजलं. आता कूलरवाल्याला विचारा, माप कुठून घेतात? बाहेरून. कूलरला खिडकीत बसायचं असतं. आत किती जागा उरते ते कूलरनं बघावं. त्यांनी भिंतीची जाडी आतल्या मापाच्या बाहेर धरली होती, मी बाहेरच्या मापाच्या आत. मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आताही म्हणतो, चूक नव्हती. आमच्या धंद्यात माप म्हणजे बाहेरचं माप.

ते भांडले नाहीत. आतच बसून राहिले. वहिनी आल्या, हाका मारल्या, गेल्या. दिवे लागायच्या वेळेला बाहेर आले तेव्हा चेहरा असा, जसा देवळातून आलेल्या माणसाचा असतो. "उस्ताद, हात लावू नका. असंच राहू द्या. ज्यांनी यान बांधलं त्यांनी माप बाहेरून घेतलं. ज्यांना राहायचं होतं त्यांनी आतून. निघाल्यावर कळलं. आता परत फिरता येत नाही."

आणि त्यातून त्यांनी काय उभं केलं! चार माणसं, दोघांपुरती जागा. म्हणजे दोघं निजणार, दोघं उभी राहणार, पाळीपाळीनं. पाण्याचा डबा थेंब थेंब भरतो, भरला की पाळी बदलायची. त्या यानावर अर्धी माणसं कायम जागी. सोयरीक करताना मुलगी किती वेळ उभी राहते ते विचारतात. भेटल्यावर 'बरे आहात ना' नाही म्हणत, 'निजलात ना' म्हणतात. जागा रिकामी ठेवणं पाप, कारण रिकामी जागा म्हणजे भांडण. आणि कैदेची शिक्षा नाहीच तिथे. असलेल्या जागेत कोणाला आणखी कोंडणार? गुन्ह्याला शिक्षा एकच, दुसऱ्यासाठी उभं राहायचं.

त्यातलं एक प्रकरण सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक भला माणूस. कधी कोणाचं वाईट केलेलं नाही. त्याची पाळी संपते, डबा भरतो, आणि तो डोळे न उघडता म्हणतो, पाचच मिनिटं. उभी असलेली म्हातारी म्हणते, पड बाळा, मी आहे उभी. बस, एवढंच. त्या यानावर तोवर कोणी कोणाला फुकट झोप दिली नव्हती. त्या दिवसापासून दोन तट पडतात. एक म्हणतो, दिलेली झोप परत केलीच पाहिजे. दुसरा म्हणतो, परत केली तर ती दिलीच कुठे? ऐकताना माझ्या हातातली कातर तशीच उघडी राहिली. सगळं यान त्या दोन वाक्यांवर फुटतं. तलवार नाही, बंदूक नाही. एका म्हातारीची माया.

पुण्याच्या एका संपादकांना ती आवडली. खरंच आवडली. छापतो म्हणाले. पण दोन गोष्टी बदला. एक, खोली मोठी करा, एवढी मोठी चूक कोणी शास्त्रज्ञ करणार नाही, वाचक हसतील. दोन, यानातली माणसं. कूलर करणारा, पापड लाटणारी, पीठगिरणीवाला, ही यानात कशाला जातील? तिथे शिकलेली माणसं दाखवा. फोनवर बोलणं दोनदा फिसकटलं. मग आईला महाकालाचं दर्शन घडवायला ते उज्जैनला आले, आणि आईला लॉजवर झोपवून दुपारी माझ्या दुकानात आले. भला माणूस. चाळिशीचा, नम्र, घामानं भिजलेला. लेखकराव, वहिनी आणि मी असे तिघं त्यांच्यासमोर.

"काका, मी तुमच्या बाजूचा आहे," ते म्हणाले. "पण आमच्याकडे हे पुस्तक माझ्याशिवाय कोणी घेणार नाही, आणि मलाही असं घेता येणार नाही. तीन-चार फूट. नुसतं लिहायचंच तर आहे, खोली मोठी होती म्हणून."

वहिनी लगेच म्हणाल्या, "करा ना मग मोठी! अहो, कागदावर भिंत सरकवायला काय लागतं? सत्तरी आली तुमची. आणखी कोण येणार आहे पुण्याहून?"

लेखकराव चष्मा पुसत राहिले. मला ते बघवेना. आणि मग मी जे बोललो ते मी आयुष्यात कोणाला बोललो नाही. मी म्हटलं, "लेखकराव, मी खोली परत करून देतो. आतून माप घेऊन. माझ्याकडून."

वहिनींनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना ठाऊक होतं मी काय बोललो ते.

लेखकरावांनाही ठाऊक होतं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "उस्ताद, खोली मोठी केली की सगळे झोपतील. मग मी कोणाबद्दल लिहू?"

संपादक म्हणाले, "पण काका, पटायला नको का? इतके हुशार लोक माप बाहेरून घेतील?"

आता वहिनी. मगाशी नवऱ्याला खोली मोठी करा म्हणणारी बाई, पण बाहेरच्या माणसानं नवऱ्याला चूक म्हटलं की पदर खोचते. "का हो, तुमच्या पुण्यात फ्लॅट विकतात तेव्हा माप कुठून घेतात?"

संपादक हसले. "काकू, यावर मी काय बोलू. माझा स्वतःचा फ्लॅट..." आणि हात जोडले.

"मग बसून तरी बघा आत," वहिनी म्हणाल्या. "चौघं आहोतच आपण. नाही झेपलं तर मीच यांना सांगते, बदला म्हणून. झेपलं तर तुम्ही हट्ट सोडा."

असं ठरलं. माझ्या वाड्यात कडुनिंबाच्या सावलीत ती खोली उभी होती. वर ओल्या वाळ्याची खस टाकली, तरी मे महिना. कूलरच्या पंपाची नळी बारीक करून डब्यात सोडली, टप टप. संपादक म्हणाले, मी पाहुणा असलो तरी आधी उभा राहतो. म्हणून ते आणि मी उभे, आणि लेखकराव-वहिनी गुडघे पोटाशी घेऊन आडवे. सुरुवातीला थट्टा. वहिनी म्हणाल्या, "लग्नानंतर एवढे जवळ आज झोपतोय." संपादक हसले. मग हळूहळू थट्टा संपली. उभं राहायला टेकू नाही, टेकलं तर पत्रा तापलेला. पायाखाली माणसं, म्हणून पाऊल हलवता येत नाही. संपादकांच्या पोटऱ्या थरथरताना मला दिसत होत्या. माझ्याही थरथरत होत्या, पण माझ्या पायजम्यात दिसत नव्हत्या.

डबा भरला. ते दोघं उठले, आम्ही आडवे. मी म्हटलं मला नको, मी उभाच बरा. लेखकराव म्हणाले, "जागा रिकामी ठेवता येत नाही, उस्ताद." पडलो. खरं सांगतो, आडवं होण्यात एवढं सुख असतं हे मला ठाऊक नव्हतं. संपादकांना तर पडल्या पडल्या डोळा लागला. पहाटे उठून दर्शनाच्या रांगेत उभा राहिलेला माणूस.

डबा भरला. वहिनी म्हणाल्या, "चला, झाली पाळी."

मी उठलो. संपादक हलले नाहीत. डोळे न उघडता, झोपेतल्या आवाजात म्हणाले, "काकू, पाचच मिनिटं."

मी लेखकरावांकडे पाहिलं. ते पत्र्याकडे बघत होते. वहिनी गुडघ्यावर हात दाबून, वाकून उभ्या होत्या. वहिनींनी एक ओळ वाचलेली नव्हती, पाळीचा नियम तेवढा आत जाताना ऐकला होता, बाकी त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मी मनात म्हणत होतो, नका बोलू, वहिनी, नका बोलू.

त्या म्हणाल्या, "पड रे बाळा. मी आहे उभी."

टप. टप.

संपादकांचे डोळे उघडले. वाचलेलं होतं त्यांनी. ते वहिनींच्या गुडघ्याकडे बघत राहिले, मग लेखकरावांकडे, आणि उठून बसले ते असे, जसं कोणी गार पाणी ओतलं. बोलायला गेले तर लेखकरावांनी हळूच मान हलवली, सांगू नका.

"काय झालं?" वहिनी म्हणाल्या. "गप्प का झालात सगळे? साप-बीप आहे की काय?"

बाहेर आल्यावर संपादकांनी तोंडावर पाणी मारलं. म्हणाले, "काका, छापतो. आहे तशी. एक अक्षर बदलणार नाही." वहिनींनी तिथल्या तिथे महाकालाला हात जोडले. मला वाटलं, झालं. जिंकलो.

कसलं काय. संपादक निघाले, लेखकराव त्यांना सोडायला गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, आणि मी आणि वहिनी मागे. संपादक ऑटोत बसल्यावर दांड्याला धरून लेखकराव म्हणाले, "साहेब, तुम्हाला आत्ता लाज वाटलीय. लाजेनं छापू नका. ती उतरू द्या. पूर्ण उतरली की परत वाचा. मग वाटलं तर छापा, नाहीतर परत पाठवून द्या. मी काही म्हणणार नाही."

ऑटो गेला. वहिनी रस्त्यात उभ्या राहिल्या. "हातात आलेलं सोडून दिलंत," त्या म्हणाल्या. एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याशी बोलणं सोडलं. जेवायला वाढायच्या, बोलायच्या नाहीत. दुकानात येणंही बंद. मीसुद्धा दोन-तीन दिवस लेखकरावांना चहा विचारला नाही. मला राग होता. गल्लीतला गिरणीवाला म्हणाला, "लेखकराव का दिमाग सरक गया है क्या?" मी म्हटलं, "हो, आजच नाही सरकला."

पण रात्री पडल्यावर मी विचार करायचो. हा माणूस जन्मभर ज्याची वाट बघतोय ते समोर ताटात आलं, आणि तो म्हणतो, थांबा, हे माझं की तुमच्या लाजेचं ते आधी बघू द्या. मी पत्र्यात एवढी वर्षं काढली. गिऱ्हाइकानं दयेनं दिलेलं काम मीही घेतलं आहे. सगळे घेतात. हा घेत नव्हता. दिवस जात होते, फोन येत नव्हता, आणि हा रोज येऊन पालथ्या बादलीवर बसत होता, मला विचारत होता की वजन नसलेल्या ठिकाणी पोळी लाटता येईल का. एकदा मी विचारलंच, "भीती नाही वाटत?" म्हणाले, "कशाची?" मी म्हटलं, "नाही आला फोन तर?" म्हणाले, "गोष्ट लिहून झालीय ना, उस्ताद. तिला कुठे काय होतंय."

गणपतीच्या आदल्या दिवशी वहिनी दुकानात आल्या. धावत. त्या गुडघ्यांनी. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्यात मोबाईल, आवाज मोठा केलेला. नवऱ्यासमोर धरला, तरी बोलल्या नाहीत, नुसता धरला.

"काका," फोनमधून संपादक म्हणाले, "तुम्ही सांगितलंत तसं केलं. लाज उतरेपर्यंत हात लावला नाही."

"उतरली?"

"उतरली. मग वाचली. दोनदा वाचली." मग म्हणाले, "खोली लहानच राहू दे, काका. माणसं पण तीच. छापायला घेतलीय, आता मी माझ्या हौसेनं छापतोय. आणि ती म्हातारी म्हणते ना, पड बाळा, तिथे तुम्हाला आणखी थोडं लिहायला सांगणार होतो. मग वाटलं, नको. तेवढंच पुरतं."

"बरं," लेखकराव म्हणाले. एवढंच म्हणाले, बरं.

वहिनींनी फोन खाली घेतला. डोळ्यांत पाणी, पण कपाळाला आठी. कित्येक महिन्यांनी त्या नवऱ्याशी बोलल्या.

"कोण म्हातारी?"

लेखकराव बादलीवरून उठले. परत बसले.

"काय म्हणते ती? आणि हा माणूस तिचं असं काय सांगतो, ओळखीची असल्यासारखं? भाऊजी, तुम्हाला ठाऊक आहे? कोण आहे ती?"

मी कातर उचलली आणि उगाच पत्रा शोधायला लागलो.

"पुस्तक येतंय आता," लेखकराव म्हणाले. "वाच."

"वाचणारच आहे. पहिल्या पानापासून." वहिनींनी पदरानं डोळे पुसले. "एक ओळ सोडणार नाही."

मी त्यांच्याकडे पाहिलं. चंद्राच्या पलीकडे जाताना, संपादकाला परत पाठवताना, फोनची वाट बघताना या माणसाच्या चेहऱ्यावर मला कधी भीती दिसली नव्हती. त्या दिवशी दिसली. वहिनी आपलंच वाक्य एका म्हातारीच्या तोंडी वाचणार होत्या.

"अक्षर मोठं ठेवायला सांगा त्यांना," वहिनी म्हणाल्या, आणि खाली ठेवलेली भाजीची पिशवी उचलून घरी गेल्या.